आईची वजावट

पिन्योचं डोकं फिरलं ते ग्लासभर थंड चहामुळे.

नाखोन सवान शहराच्या पाणीपुरवठा कार्यालयात तो मीटर विभागाचा प्रमुख. वय शेहेचाळीस, नोकरी बावीस वर्षांची, आणि एवढ्या काळात कुणा ग्राहकाकडून त्याने आंब्याची करंडीसुद्धा घेतली नव्हती. मीटरशी खेळ करून पाणी चोरणाऱ्यांचे नळ तो स्वतः उभा राहून तोडायचा. त्यात सख्खा साडूही सुटला नाही, आणि तेव्हापासून साडूच्या घरच्या कार्यात पिन्योला खांबाआडची खुर्ची मिळते. अशा माणसाने त्या वर्षीही आयकर निघाला तेवढा निमूटपणे भरला होता. आणि त्याच आठवड्यात त्याच्या हाताखालच्या विरतला आयकर खात्याकडून पैसे परत आले. विरत म्हणजे दिवसातून तीनदा "जरा जाऊन आलो" म्हणून उठणारा आणि कुठे जातो ते कुणालाच ठाऊक नसलेला माणूस. त्याने त्या आनंदात सगळ्या ऑफिसला बर्फ घातलेला दुधाचा चहा पाजला.

पिन्योने चहा घेतला. न घेणं बरं दिसलं नसतं. पण प्रत्येक घोटागणिक त्याला वाटत होतं, की सरकारने विरतला ओळखलं आणि आपल्याला ओळखलं नाही.

"काय केलंस रे?" त्याने होईल तितक्या सहज आवाजात विचारलं.

"सगळं कायद्यातलंच, साहेब. वजावटी घेतल्या," विरत म्हणाला. "तुम्ही घेत नाही?"

त्या 'तुम्ही घेत नाही?'मध्ये एवढी निर्मळ दया होती, की पिन्योला दुपारी जेवण गेलं नाही. बावीस वर्षं पंगतीत बसून आपण फक्त पाणी पिऊन उठत आलो, आणि बाकीचे तिसऱ्यांदा वाढून घेत होते, असं काहीसं त्याला वाटलं. त्याने ठरवलं, की पुढच्या वर्षी कायद्यात बसणारी एकही सवलत सोडायची नाही. कायद्याबाहेरची मात्र एकही घ्यायची नाही. हे दुसरं वाक्य तो स्वतःशी जरा मोठ्याने म्हणाला, कारण पहिलं म्हणताना आवाजात थोडी हाव आली होती.

गल्लीच्या टोकाला चरून काका राहायचे. जमीन नोंदणी कार्यालयातून निवृत्त झालेले. रोज सकाळी बनियनवर बसून पिंजऱ्यातल्या कवड्यांना गायला शिकवायचे. गेली नऊ वर्षं काकांना स्वतःला एक बाटही कर बसलेला नव्हता, त्यामुळे करावरचं त्यांचं मत कुठेही अडखळत नसे. कर मार्चमध्ये भरायचा असतो, पण वाचवायचा डिसेंबरच्या आत, हे त्यांनी पिन्योला इतक्या गंभीरपणे सांगितलं, की एक कवडासुद्धा गप्प झाला.

मग नोव्हेंबर लागला आणि पिन्यो कामाला लागला.

पहिला नंबर विम्याचा. बायकोचा, म्हणजे सुविमोनचा मावसभाऊ विमा विकायचा. तो त्याच संध्याकाळी हजर झाला आणि पिन्यो मेल्यावर घरात किती सुबत्ता येईल, याचं त्याने इतकं रसाळ वर्णन केलं, की सुविमोन ऐकता ऐकता मध्येच लाजली. पॉलिसीआधी तपासणी झाली. तीत रक्तदाब निघाला, साखरही काठावर निघाली. हप्ता वाढला. चवीला घालायचं माशाचं खारं पाणी जेवणातून गेलं, नारळाच्या दुधातला चिकट भात गेला, आणि आजवर धडधाकट असलेला पिन्यो कर वाचवण्याच्या पहिल्याच पायरीवर पथ्याचा माणूस झाला.

दुसरा नंबर निवृत्ती फंडाचा. बँकेतल्या मुलीने हे पैसे पंचावन्न वर्षं पूर्ण होईपर्यंत काढता येत नाहीत, असं समजावून सांगितलं आणि गोड हसून म्हणाली, की तुमच्या बाबतीत ते काही फार लांब नाही. पिन्योने सही केली आणि परतताना तीन दुकानांच्या काचांमध्ये स्वतःचे केस पाहिले. सुविमोनच्या नव्या स्कूटरसाठी बाजूला ठेवलेली रक्कम त्या फंडात जाऊन बसली होती. हे तिला त्याने रविवारी सांगायचं ठरवलं होतं. तिला ते शुक्रवारीच कळलं.

तिसरी शाळेची देणगी. सरकारी शाळेला दिलेली देणगी दुपटीने वजा होते, हे ऐकून पिन्योला आपल्या जुन्या शाळेविषयी अचानक भरून आलं. देणगी बँकेतून रीतसर गेली, नोंदही झाली. पण मुख्याध्यापक कृतज्ञ स्वभावाचे निघाले. त्यांनी पिन्योला सोमवारच्या झेंड्याला बोलावलं, फुलांचा हार घातला, आणि 'आमचा आदर्श विद्यार्थी' म्हणत नऊशे मुलांसमोर शाळेच्या मदतनिधीच्या चिनी मेजवानीचं एक आख्खं टेबल त्याच्या गळ्यात बांधलं. नाही म्हणायला जागाच नव्हती, गळ्यात हार होता. टेबल दहा खुर्च्यांचं, पैसे दहाही जणांचे पिन्योने द्यायचे. पिन्योच्या ओळखीतले चारजण आले. उरलेल्या खुर्च्यांवर बँडवाले येऊन बसले आणि त्यांनी वाफवलेला मासा संपवला. पिन्योला पथ्यामुळे तो चालतही नव्हता. मेजवानीच्या टेबलाची वजावट मिळत नाही, हे चरून काकांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

"म्हणजे पाच हजार वाचवायला आपण साठ हजार घालवले," सुविमोन त्या रात्री ताट वाढता वाढता म्हणाली. ती शाळेत गणित शिकवत नव्हती, घरात शिवणकाम करायची. पण काही गणितं कुणालाही येतात. पिन्यो म्हणाला, की घालवले नाहीत, गुंतवले. मग तो मिठाविना उकडलेली भाजी खात बसला.

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण जानेवारीच्या एका सकाळी चरून काकांनी पिंजरा खाली ठेवला आणि त्याच्याकडे कीव येऊन पाहिलं.

"अरे, घरातली सगळ्यात मोठी वजावट तू नदीपलीकडे ठेवून दिलीयस," ते म्हणाले. "तुझी आई."

आई-वडील साठीच्या पुढचे असतील, त्यांचं वर्षाचं उत्पन्न तीस हजार बाटच्या वर नसेल आणि मूल त्यांना सांभाळत असेल, तर त्यांच्यापोटी वजावट मिळते. मात्र एका आईची वजावट एकाच मुलाला, आणि कुणाला ते आईने सही करून सांगायचं. काकांनी हे सगळं एका दमात सांगितलं. पिन्योला आईची एवढी तीव्र आठवण गेल्या कित्येक वर्षांत आली नव्हती.

त्याची आई, बुनरुएन, एकाहत्तर वर्षांची. नदीपलीकडच्या जुन्या घरात एकटी राहायची. केळं घातलेला चिकट भात केळीच्या पानात बांधून उकडायचा आणि सकाळी बाजारात विकायचा, हा तिचा उद्योग पिन्यो पाळण्यात होता तेव्हापासूनचा. आता ती तो वेळ जावा म्हणून करते, असं तिन्ही मुलं मानत होती. तिला तसं कुणी विचारलं नव्हतं.

रविवारी तो संत्र्यांची पिशवी घेऊन गेला. आई ओसरीवर पानं पुसत बसली होती. त्याने कागद पुढे केला. घर विकायचा कागद नाही ना, एवढंच तिने विचारलं. नाही म्हणाल्यावर हात पुसून सही केली आणि पुन्हा पानं घेतली.

फेब्रुवारीत पिन्योने कॉम्प्युटरवर विवरणपत्र भरलं. आईचा वाढदिवस कोणत्या महिन्यात येतो, याविषयी त्याच्या मनात कायम गोंधळ असायचा, पण तिच्या ओळखपत्राचा तेरा आकडी क्रमांक त्याने एव्हाना पाठ केला होता. शेवटचं बटण दाबलं, आणि आठ दिवसांनी निरोप आला. या मातेची वजावट अन्य व्यक्तींनी घेतलेली आहे.

व्यक्तींनी. अनेकवचन पिन्योने तीनदा वाचलं.

त्यांच्या कुटुंबाचा फोनवर एक ग्रुप होता. त्यात मोठी बहीण ओरथाई रोज सकाळी फुलांच्या चित्रावर 'शुभ सोमवार', 'शुभ मंगळवार' असं पाठवायची आणि धाकटा तनेत अंगठा दाखवायचा. गेल्या सहा वर्षांत त्या ग्रुपवर यापलीकडे विचारांची देवाणघेवाण झाली नव्हती. त्या दिवशी झाली. ओरथाई गेली अकरा वर्षं आईची वजावट घेत होती. तनेतने ती मागच्या वर्षीपासून घ्यायला सुरुवात केली होती. दोघांकडेही आईच्या सहीचे कागद होते. ओरथाईने लिहिलं, की आईला दवाखान्यात नेणारी मी. तनेतने लिहिलं, की आईच्या खोलीत एसी बसवणारा मी. पिन्योला चटकन काही सुचेना, म्हणून त्याने संत्र्यांचा उल्लेख केला. त्यावर ओरथाईने 'शुभ बुधवार'चं चित्र पाठवलं. त्या दिवशी गुरुवार होता, त्यामुळे तो टोमणा होता की चूक, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

शेवटी तिघं आईकडे जमले. तिघांनाही सही कशी दिलीस, असं विचारल्यावर आईला प्रश्नच समजला नाही.

"कागद घेऊन आलात, सही दिली," ती म्हणाली. "शाळेचं प्रगतिपुस्तक आणायचात तेव्हाही देत होते. तेव्हा कुणी भांडला नाहीत."

मग तनेतने तिला वजावट म्हणजे काय ते सांगितलं. आई ऐकत राहिली. आपल्या एका सहीने सरकार पैसे सोडतं आणि तीन मुलांपैकी एकालाच सोडतं, एवढं ध्यानात आल्यावर तिने पान खाली ठेवलं.

"विचार करून सांगते," ती म्हणाली.

त्यानंतर गेले तसे तीन आठवडे बुनरुएनबाईंनी आयुष्यात पाहिले नव्हते. ओरथाई तिला डोळे, दात, गुडघे असं एकेका दिवशी एकेका डॉक्टरकडे घेऊन जाऊ लागली. तनेतने मालिशची खुर्ची आणली. तीत आई एकदा बसली, खुर्चीने पाठीत गुद्दा मारला, तेव्हापासून तीवर मांजर झोपतं. पिन्योने छपराचे पत्रे बदलायला घेतले. तो स्वतः शिडीवर चढला, कारण मजूर लावला तर त्यात प्रेम दिसत नाही, असं चरून काकांचं मत पडलं. तो न्हाणीघराच्या पत्र्यातून गुडघ्यापर्यंत आत आला आणि अर्धा तास तसाच राहिला. खाली शेजारणी जमल्या. त्यांच्यासमोर आई वर बघून शांतपणे म्हणाली, "मू, पाय हलवू नकोस, पत्रा नवा आहे."

मू म्हणजे डुक्कर. लहानपणी तो गुबगुबीत होता, म्हणून घरात हे नाव पडलेलं. घरातल्या नावाला घरात कुणी हसत नाही. पण शेजारणींमध्ये एक जण पाणी कार्यालयातल्या शिपायाची सासू होती, आणि सोमवारी विरत त्याला 'साहेब' म्हणताना ओठ आवळून धरत होता.

एवढं करून आईचा विचार पुरा होईना. उलट तीच कुरकुरू लागली, की तुम्ही दिवसभर येताजाता, माझा भात वेळेवर उकडत नाही. याकडे तिघांपैकी कुणीच लक्ष दिलं नाही. मग आयकर कार्यालयातून पत्र आलं, की मातेस सोबत घेऊन समक्ष यावं.

तनेतच्या पिकअपमधून चौघं गेले. आई पुढे बसली होती. ठेवणीतला रेशमी सारोंग, हातात छत्री. टोकन घेऊन पाऊण तास थांबल्यावर नंबर लागला. खिडकीमागे कन्निका नावाची तरुण अधिकारी होती, चेहरा शांत, बोलणं अदबीचं. तिने तिन्ही कागद ओळीने मांडले आणि आईला आजी म्हणून नमस्कार केला. या तीन सह्या आजींच्याच का, असं विचारलं. आई हो म्हणाली.

"आजी, यात काय लिहिलंय ते तुम्ही वाचलं होतं?"

"चष्मा नव्हता," आई म्हणाली. "वाच बघू."

कन्निकाने वाचलं. मी खाली सही करणार, या अपत्याच्या सांभाळात आहे, आणि माझं स्वतःचं वार्षिक उत्पन्न तीस हजार बाटपेक्षा अधिक नाही. वाचून झालं. आईने ब्लाउजच्या खिशातून चष्मा काढून घातला, तिन्ही कागद स्वतःकडे ओढले आणि एकेका कागदावरच्या त्याच ओळीवर बोट ठेवून पाहिलं. मग मुलांकडे न बघता म्हणाली, "मी तीन जणांच्या सांभाळात आहे होय."

त्यातला एक कागद पिन्योने स्वतः छापून नेला होता, ती ओळ वाचलीही होती, आणि वाचताना ती आपल्या आईविषयी आहे असं त्याला क्षणभरही वाटलं नव्हतं.

कन्निकाने हलक्या आवाजात विचारलं, की मग आजींना काही उत्पन्न आहे का. ओरथाई झटकन पुढे झाली. छे, उत्पन्न कसलं, दोन-चार पुड्या भात बांधते, हातपाय हलते राहावेत म्हणून, असं ती म्हणाली आणि तिने पिन्योच्या पायावर पाय दिला. तनेत जोरात मान हलवत होता. कन्निकाने पिन्योकडे पाहिलं.

नुसती मान हलवायची होती. तीन हजार बाटचा कर वाचणार होता, बहिणीची अकरा वर्षं झाकली जाणार होती, आणि हे सगळं आईने आपल्या हाताने सही केलेल्या कागदावर. पिन्योला आपण तोडलेले सगळे नळ आठवले. त्यातल्या प्रत्येक जणाने नळ तोडताना हेच सांगितलं होतं, की साहेब, दोन-चार बादल्याच तर घेतो.

"ती वेळ घालवायला करत नाही," पिन्यो म्हणाला. "माझ्या कॉलेजची फी त्या भातातून गेलीय. हिच्याही. उत्पन्न आहे. माझं नाव काढून टाका."

ओरथाईने डोळे मिटले. आईने मात्र पहिल्यांदा वळून त्याच्याकडे पाहिलं, आणि मग खिडकीकडे सरकून बसली.

"रोजच्या साठ पुड्या," ती म्हणाली. "दहा बाटला एक. पौर्णिमेला आणि विहारातल्या सणाला चारशे. नदीकाठच्या दोन हॉटेलांना वेगळ्या जातात. गेल्या वर्षी मुलीच्या स्वयंपाकघराला फरशी मी घातली. धाकट्याच्या गाडीचा पहिला हप्ता मी दिला. याने काही मागितलं नाही. हा संत्री घेऊन आला होता, ती आंबट होती."

कन्निकाचे हात कीबोर्डवर थांबले होते. तनेत छताकडे बघत होता. पिन्योला दोन्ही गोष्टी माहीत नव्हत्या, ओरथाईला गाडीच्या हप्त्याची माहीत नव्हती आणि तनेतला फरशीची. तिघांनी एकमेकांकडे बघण्याचं टाळलं.

पुढचं काम कन्निकाने सरळ करून दिलं. तिघांच्याही वजावटी रद्द झाल्या. ओरथाईला मागची विवरणपत्रं दुरुस्त करून फरक भरायचा होता, तनेतला एका वर्षाचा. आजींना मात्र, ती चाचरत म्हणाली, स्वतःचं विवरणपत्र भरावं लागेल. घाबरायचं कारण नाही, खर्च आणि वयाची सवलत धरली की कर शून्यच येतो.

"शून्य आला तरी कागद मिळतो ना?" आईने विचारलं. "माझ्या नावाचा?"

मिळतो, म्हणाली कन्निका.

"मग भर."

आणि आई पाऊण तास तिथे बसून राहिली. तांदूळ, केळी, नारळ, सरपण, पानं, सगळं सांगत. मध्येच तिने कन्निकाला लग्न झालंय का विचारलं. मध्येच नारळ कसा पारखायचा ते सांगितलं. मागे रांगेतले दोघे तिघे नारळ ऐकायला जवळ सरकले. पिन्यो, ओरथाई आणि तनेत भिंतीलगतच्या बाकावर पंख्याखाली बसले होते. ओरथाई पर्समध्ये काहीतरी शोधत होती आणि काय शोधतेय ते तिलाही ठाऊक नव्हतं. तनेतने गाडीची किल्ली कुठेतरी हरवली होती. पिन्योच्या हातात आईची छत्री होती. ती चुकून उघडली आणि आता मिटत नव्हती.

शेवटच्या रकान्याशी आल्यावर कन्निकाने आजींना विचारलं, की आणखी काही वजावट घ्यायची आहे का. आईने थोडा विचार केला.

"मुलांनी आई वजा केली," ती म्हणाली. "आईला मुलं वजा करता येतात?"

कन्निका म्हणाली, की येतात, पण वीस वर्षांच्या आतली किंवा पंचविशीपर्यंत शिकत असलेली. त्याहून मोठी असतील तर स्वतःचा कारभार पाहायला असमर्थ आहेत असं कोर्टाने ठरवलेलं असावं लागतं.

आईने खुर्चीतच वळून बाकाकडे पाहिलं. मोठीपासून धाकट्यापर्यंत, एकेकाकडे, भाजी निवडताना बघावं तसं. छत्रीपाशी जरा जास्त वेळ थांबली. मग पुन्हा खिडकीकडे वळली.

"कोर्टाचा कागद," तिने विचारलं, "साधारण किती दिवसांत हाती पडतो?"

कन्निका सरकारी नोकर होती, ती हसली नाही. तिने एका चिठ्ठीवर कोर्टाचा पत्ता आणि कामकाजाची वेळ लिहून दिली, आणि आईने ती दोनदा घडी घालून ब्लाउजच्या खिशात ठेवली.